केबल ताणून ब्रेक सुधारत नाहीत : ऑस्टिन सेव्हनच्या यांत्रिक ब्रेकची जुळवणी

आपला प्रश्न थोडक्यात असा : आपण अलीकडेच १९३२ सालची, लांब चेसिसची ऑस्टिन सेव्हन सलून, म्हणजे बंद छताची लहान इंग्लिश गाडी, विकत घेतली आहे. पेडल जवळजवळ फळीला टेकते तरी गाडी थांबायला वेळ लावते आणि थांबताना डावीकडे ओढते. गॅरेजमध्ये दोनदा केबल ताणून दिली, प्रत्येक वेळी चार-सहा दिवस बरे गेले, आणि आता समायोजनाच्या नटाला पुढे आटे शिल्लक राहिलेले नाहीत. नव्या, आखूड केबल करून घ्याव्यात की सरळ हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारे) ब्रेक बसवावेत, असे आपण विचारता.

यांपैकी काहीही करण्याआधी तो नट पूर्ण मागे घ्या. आटे संपले याचा अर्थ केबल लांब झाली असा क्वचितच असतो. ड्रम (चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा), ब्रेक शू (त्याला आतून टेकणारे वक्र तुकडे), कॅम (शू फाकवणारी फिरती पट्टी), पिना आणि बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) यांची झीज एकत्र होऊन त्या नटापाशी गोळा झालेली असते. ती झीज जिथे झाली तिथेच भरून काढावी लागते. केबल आखूड केल्याने ती फक्त झाकली जाते, आणि झाकलेली झीज घाटात उघडी पडते. गेली तीसेक वर्षे मी अशा गाड्यांवर काम करतो आहे. ब्रेकसाठी माझ्याकडे आलेल्या बहुतेक ऑस्टिन सेव्हनमध्ये केबल शेवटच्या आट्यापर्यंत ओढलेली आणि आतील कॅम जवळजवळ उभा झालेला आढळला.

ही योजना मुळात कशी आहे ते आधी पाहू, कारण जुळवणीचा क्रम त्यातूनच ठरतो. सर हर्बर्ट ऑस्टिन यांनी १९२१-२२ मध्ये स्टॅन्ली एज या जेमतेम अठरा वर्षांच्या आरेखकाला हाताशी धरून ही गाडी आखली, तेव्हा एवढ्या लहान व स्वस्त गाडीला चारही चाकांना ब्रेक देणे ही धाडसाची गोष्ट होती. सुरुवातीच्या गाड्यांत पायाचा ब्रेक मागच्या चाकांना आणि हाताचा ब्रेक पुढच्या चाकांना लागत असे. १९३० पासून दोन्ही जोडले गेले आणि पेडल दाबले काय किंवा हँडब्रेक ओढला काय, चारही चाकांवर परिणाम होऊ लागला. आपली गाडी या दुसऱ्या प्रकारातली आहे. सोय म्हणून हे चांगलेच, पण हँडब्रेक ही वेगळी, स्वतंत्र यंत्रणा राहिलेली नाही हे कायम ध्यानात असू द्या. फरशीखालच्या आडव्या दांड्यावरची एखादी पिन निसटली, तर पाय आणि हात दोन्ही एकाच वेळी निकामी होतात. म्हणून प्रत्येक क्लेव्हिस पिनला (केबलच्या टोकाचा यू आकाराचा दुवा, म्हणजे क्लेव्हिस, जोडणाऱ्या पिनेला) नवी स्प्लिट पिन (ती निसटू नये म्हणून आरपार घालून टोके वाकवायची दुहेरी पिन) घालणे हे या कामातले पहिले बंधन समजावे. जुनी सरळ करून पुन्हा वापरू नये, आणि खिळा किंवा तार तर मुळीच नको.

पेडलपासून आडव्या दांड्याकडे, तेथून केबलने चाकाच्या बॅकप्लेटवरील (ड्रममागच्या, न फिरणाऱ्या तबकडीवरील) लिव्हरकडे आणि लिव्हरने फिरणाऱ्या कॅमकडे, असा बलाचा प्रवास आहे. कॅम फिरला की दोन्ही शू फाकतात आणि ड्रमला टेकतात. आपल्या गाडीच्या काळातील ब्रेकमध्ये शू ड्रमच्या जवळ सरकवण्यासाठी चाकापाशी कोणताही समायोजक स्क्रू नाही. तशी सोय सेव्हनच्या शेवटच्या काही वर्षांत, गर्लिंग पद्धतीचे ब्रेक आल्यावरच मिळाली. त्यामुळे लायनिंग (शूवरचा घर्षणाचा थर) झिजले की मालकाच्या हाती पहिली लागते ती केबल, आणि सारा घोटाळा इथूनच सुरू होतो.

केबल ताणली की लिव्हर विश्रांतीच्या स्थितीतच पुढे सरकून उभी राहते आणि आतील कॅमही अर्धवट फिरलेला राहतो. केबलची ओढ लिव्हरवर काटकोनात पडते तेव्हाच ती पूर्णपणे कामी येते. कोन १२० अंश झाला की त्यातली सुमारे ८७ टक्के उरते, आणि १३५ अंशांवर जेमतेम ७१ टक्के. म्हणजे लायनिंग झिजत जाते तशी आपल्या पायाची ताकदही वाया जात असते. कॅमची गत त्याहून वाईट होते. कॅम ही दोन शूंच्या टोकांमध्ये बसलेली चपटी लोखंडी पट्टी आहे असे समजा. ती उभी होऊ लागते तसे शू फाकतात. ती पुरती उभी झाली की आणखी फिरवूनही शू फाकत नाहीत, आणि त्या बिंदूच्या पलीकडे गेली तर उलटून अडकून बसते. मग पेडल सोडले तरी चाक सुटत नाही. पुढच्या एका चाकाच्या बाबतीत हे चालत्या गाडीत घडले तर काय होईल, ते लिहायला नको. आपण आटे संपेपर्यंत केबल ताणून या बिंदूच्या किती जवळ पोहोचला आहात, हे ड्रम काढल्याशिवाय कळणार नाही. तोपर्यंत ही गाडी रस्त्यावर काढू नका, अगदी कोपऱ्यावरच्या पंपापर्यंतही नाही.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट फरशीवर घ्या आणि चारही चाके उचला, पण घोड्या चेसिसखाली न लावता अॅक्सलखाली लावा. ही बाब किरकोळ वाटते, पण मी तिला फार महत्त्व देतो. चेसिसखाली आधार दिला तर अॅक्सल लोंबकळतात, स्प्रिंग मोकळ्या पडतात आणि केबलचा मार्ग बदलतो. त्या स्थितीत अचूक केलेली जुळवणी गाडी खाली उतरवताच बिघडते. कधी ब्रेक ढिले होतात, तर कधी चाके धरून बसतात. सेव्हनला पुढे एक आडवी पाटा स्प्रिंग आणि मागे चेसिसपासून निघणाऱ्या पाव-लंबवर्तुळी स्प्रिंग आहेत. गाडी हलकी असल्यामुळे चार माणसे बसली की मागचा भाग बराच खाली जातो. जुळवणी झाल्यावर मागे दोन माणसे बसवून चाके पुन्हा फिरवून पाहावीत, असा माझा शिरस्ता आहे.

ब्रेकला हात लावण्यापूर्वी अॅक्सलची अवस्था पाहा. पुढच्या अॅक्सलला धरून ठेवणाऱ्या दोन तिरप्या भुजा मागे येऊन गाडीच्या मध्यभागी एका गोलक-सांध्यात मिळतात. त्या सांध्यात खेळ असेल तर ब्रेक लागताक्षणी अख्खा अॅक्सल सरकतो आणि केबलची लांबी पायाखालीच बदलते. तसेच ब्रेक लावताना अॅक्सलवर पीळ पडतो : त्याचा वरचा भाग पुढे आणि खालचा भाग मागे जाऊ पाहतो. स्प्रिंगचे यू-बोल्ट ढिले असतील किंवा भुजांचे सांधे झिजले असतील, तर हा पीळ वाढतो आणि लिव्हर कोणत्या दिशेला आहे त्यानुसार ब्रेक आपोआप ढिला होतो किंवा जास्त आवळला जातो. किंगपिनचे (पुढचे चाक ज्या पिनेभोवती वळते तिचे) बुश आणि हबचे (चाकाच्या मध्यभागाचे) बेअरिंग यांचाही खेळ तपासा. चाक वर-खाली हलवून पाहताना मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर खेळ बेअरिंगमध्ये आहे, न थांबली तर किंगपिनमध्ये. ड्रम हबबरोबर डुलत असेल तर शू आणि ड्रम यांमधील अंतर मोजण्यात काही अर्थ उरत नाही.

त्यानंतर ड्रम काढा. आतील धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी आहे आणि ती धूळ फुप्फुसांना घातक असते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टाका, तोंडाला चांगला मास्क लावा. नवे लायनिंग घेताना अॅस्बेस्टॉसविरहितच घ्या. सेव्हनसाठी मी विणलेल्या जातीचे, मऊ लायनिंग पसंत करतो, कारण पायाच्या बेताच्या दाबावरही ते पकड घेते. आधुनिक जड गाड्यांसाठीचे कडक लायनिंग या लहान ड्रमवर थंडच राहते आणि नीट पकडत नाही.

गाडी डावीकडे ओढते याचा अर्थ डावा ब्रेक चांगला आणि उजवा कमजोर, असा घ्यावा. बरेच जण डाव्या बाजूचा ब्रेक ढिला करून हा दोष ‘दूर’ करतात, म्हणजे चांगल्याला वाइटाच्या पंगतीला बसवतात. उजव्या बाजूच्या लायनिंगवर तेल किंवा ग्रीस आले आहे का ते आधी पाहा. मागच्या चाकांत अॅक्सलमधील तेल हबमधून ब्रेकवर येणे हे सेव्हनचे जुनेच दुखणे आहे; तेल पातळीपेक्षा जास्त भरलेले असले की ते आणखी वाढते. पुढच्या चाकांत हबमध्ये कोंबलेले ग्रीस तेच काम करते. तेल प्यायलेले लायनिंग पेट्रोलने धुऊन किंवा तापवून कामचलाऊ होते, पण पहिल्याच लांब उतारावर तापले की आतले तेल पुन्हा वर येते. ते बदलावेच, आणि त्याआधी गळती थांबवावी. लायनिंग कोरडे असेल तर कॅमचा दांडा त्याच्या बुशमध्ये मोकळा फिरतो का ते पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात वर्षभर उभ्या राहिलेल्या गाडीत तो गंजून जड झालेला असतो. तो काढून स्वच्छ करून, उष्णता सहन करणारे ग्रीस अगदी पातळ पुसून बसवावा. तरीही कारण सापडले नाही तर पुढच्या दोन चाकांचे शू आपसांत बदलून पाहा. ओढ उजवीकडे गेली तर दोष लायनिंगचा. डावीकडेच राहिली तर ड्रम, कॅम किंवा केबल यांपैकी कशाचा तरी.

ड्रम लेथवाल्याकडे नेऊन गोलाई तपासून घ्या. लंबगोल झालेल्या ड्रममध्ये शूचे अंतर सर्वांत उंच जागेप्रमाणे ठेवावे लागते, म्हणजे उरलेल्या भागात ते जास्तच राहते आणि पेडल तेवढे खाली जाते. घासायचा तर गोलाई येण्यापुरताच घासावा. हे ड्रम मुळातच पातळ आहेत. जास्त पातळ केलेला ड्रम दाबाखाली फाकतो आणि लवकर तापतो. ड्रम घासला असेल तर नवे लायनिंग त्याच ड्रमच्या गोलाईला जुळवून घ्यावे, नाहीतर शू मधोमध किंवा फक्त टोकांना टेकतो. रिव्हेटची डोकी पृष्ठभागापासून पुरेशी खोल असावीत आणि लायनिंगच्या दोन्ही टोकांच्या कडा कानशीने थोड्या तासून घ्याव्यात, म्हणजे ब्रेक एकदम धरणार नाही आणि किंचाळणारही नाही.

आता या कामाचे मर्म. शूच्या कॅमकडील टोकावर पोलादी पत्र्याची टोपीसारखी पट्टी बसवून झीज भरून काढता येते. सेव्हनच्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांकडे या पट्ट्या वेगवेगळ्या जाडीत तयार मिळतात. चांगला कारागीर त्या कडक पत्र्यातून बनवूनही देईल. केबल पूर्ण सोडवून ठेवा, लिव्हर मागे विश्रांतीच्या जागी येऊ द्या, आणि एका चाकाच्या दोन्ही शूंना सारख्याच जाडीच्या पट्ट्या घालत जा. ड्रम अलगद बसतो पण हाताने फिरवताना कुठेही घासत नाही, अशी सर्वांत जाड पट्टी ही योग्य पट्टी. मग लिव्हर हाताने किंवा पान्याने पूर्ण ओढून धरा आणि पाहा : ब्रेक घट्ट लागलेला असताना लिव्हर केबलच्या रेषेशी काटकोनात आली पाहिजे, किंवा काटकोनाच्या किंचित अलीकडे राहिली पाहिजे. चारही चाकांत हे साधले की अर्ध्याहून अधिक काम झाले. अजून आपण केबलला हातही लावलेला नाही, याकडे लक्ष द्या.

यात किती फरक पडतो ते एका अंदाजी हिशेबाने सांगतो. पेडलपासून शूच्या टोकापर्यंतचे एकूण गुणोत्तर ५० ला १ आहे असे समजा. शू आणि ड्रम यांत पाव मिलिमीटर अंतर असेल तर ते भरून काढायला पेडलचा साडेबारा मिलिमीटर प्रवास खर्च होतो. तेच अंतर एक मिलिमीटर असेल तर पाच सेंटिमीटर. त्यात क्लेव्हिस पिनांचा खेळ मिळवा. एकेका पिनेत अर्धा मिलिमीटर खेळ असला तरी पेडलपासून चाकापर्यंतच्या सगळ्या सांध्यांचा मिळून तो काही मिलिमीटर होतो, आणि पेडलपर्यंत पोहोचताना तोही वाढतो. म्हणून झिजलेल्या पिना बदला, लंबगोल झालेली भोके रीमर मारून मोठ्या मापाच्या पिनेसाठी गोल करून घ्या, आणि आडव्या दांड्याचे बुश झिजले असतील तर तेही बदला. गॅरेजवाले हे काम सहसा टाळतात, कारण त्याला वेळ लागतो आणि केलेले दिसत नाही. मला मात्र पिना आणि बुश बदलल्याबरोबर जड, मेलेल्या पेडलमध्ये जीव आल्याचा अनुभव वारंवार आला आहे.

केबलची पाळी यानंतर येते. तारेचा एकही पदर तुटलेला दिसला, टोकाच्या सॉकेटपाशी गंज असला किंवा पुलीवर वळते तिथे ती चपटी झालेली असली, तर ती बदला. बदलताना डाव्या-उजव्या बाजूची जोडी एकत्र बदला आणि मूळ लांबीचीच घ्या. आखूड केबल करून घेऊ नये. नवे लायनिंग आणि योग्य पट्ट्या बसवल्यावर ती पुरणारच नाही. पुल्या मोकळ्या फिरतात का आणि केबल चेसिसला, एक्झॉस्टला किंवा स्प्रिंगला कुठे घासते का, हे पेडल दाबून-सोडून पाहा. मग हँडब्रेक पूर्ण सोडून, समायोजनाचा नट जवळजवळ मोकळा ठेवून, प्रत्येक केबलची लांबी अशी करा की क्लेव्हिसची पिन लिव्हर जराही न ओढता आपोआप भोकात शिरेल. मुख्य नट आता फक्त उरलेली ढिलाई घेण्यापुरता फिरवायचा असतो. इथे त्याचे दोन-चार आटे वापरले गेले आणि बाकीचे शिल्लक राहिले, तर आपले आधीचे काम बरोबर झाले असे समजावे.

आता समतोल. पेडल आणि सीटची चौकट यांमध्ये एक लाकडी दांडा अडकवून पेडल थोडे दाबून ठेवा आणि चारही चाके हाताने फिरवून पाहा. कोणते चाक आधी धरते, कोणते उशिरा, हे लिहून ठेवा. दाब पायरीपायरीने वाढवून पुन्हा पाहा. हाताचा अंदाज फसवा असतो, म्हणून मी टायरच्या परिघाला पट्टा गुंडाळून वजनाचा स्प्रिंगकाटा लावतो आणि चाक फिरू लागण्यासाठी किती ओढ लागते ते मोजतो. एकाच अॅक्सलच्या दोन चाकांत दहा टक्क्यांहून जास्त फरक ठेवू नये. पुढचे आणि मागचे ब्रेक मात्र सारखे असण्याची गरज नाही. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे येतो, म्हणून पुढच्या चाकांनी मागच्यांपेक्षा थोडे जास्त काम करावे, असे माझे मत आहे. मागची चाके आधी लॉक झाली तर ही आखूड गाडी ओल्या रस्त्यावर शेपूट फिरवते. जुन्या पिढीतील काही कारागीर उलट सांगत, कारण त्यांना पुढचे चाक लॉक होऊन स्टिअरिंग जाण्याची भीती वाटे. ती भीती अनाठायी नाही, पण तिच्यावरचा उपाय पुढची चाके एकमेकांशी अचूक जुळवणे हा आहे. त्यांना निकामी ठेवणे हा नव्हे. शेवटी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पुढची चाके कोणत्याही स्थितीत धरत नाहीत ना ते बघा. वळवताना चाक धरत असेल तर केबल जास्त ताणलेली आहे किंवा तिचा मार्ग चुकला आहे.

हे सर्व काम गाडी थंड असताना करावे. ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि पेडल खाली जाते. घाट उतरून आल्यावर ते पाहून कोणी केबल आवळली, तर ड्रम थंड झाल्यावर शू त्याला धरून बसतात आणि दुसऱ्या दिवशी चाके न घासता फिरत नाहीत. काही वर्षांपूर्वी एका रॅलीत खंबाटकी घाट उतरल्यावर एका गाडीची नेमकी अशी जुळवणी रस्त्याकडेला झाली. सकाळी निघताना दहा किलोमीटरच्या आत एक ड्रम इतका तापला की हबमधील ग्रीस वितळून लायनिंगवर आले.

चाचणी मोकळ्या, कोरड्या, सपाट रस्त्यावर घ्या. ताशी २० किलोमीटर वेगाने सुरुवात करून गाडी सरळ थांबते का ते पाहा, मग ताशी ४० पर्यंत जा. मी समाधानकारक मानतो असा ब्रेक ताशी ४० किलोमीटरवरून साधारण १६ मीटरमध्ये गाडी थांबवतो. २५ मीटर लागत असतील तर कुठेतरी काहीतरी राहिले आहे. नवे लायनिंग ड्रमवर बसायला वेळ घेते आणि नव्या केबल थोड्या ताणल्या जातात, त्यामुळे पहिल्या १५० ते २०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासणी ठेवा. त्या वेळी नटाचे एक-दोन वळसे लागले तर ते स्वाभाविक आहे. पुढे पुन्हा पुन्हा लागू लागले तर नटाला हात न लावता ड्रम उघडून पट्टी वाढवण्याची वेळ आली असे समजा.

हायड्रॉलिक ब्रेकविषयी. मॉरिस एट या त्या काळच्या दुसऱ्या लहान गाडीला १९३४ पासून लॉकहीड कंपनीचे हायड्रॉलिक ब्रेक होते आणि त्यांचा मोठा गुण हा की द्रवाचा दाब सर्व सिलिंडरांत सारखा पोहोचतो. समतोलासाठी वर लिहिलेला खटाटोप बराच कमी होतो. नंतरच्या मॉरिस मायनरचे भाग वापरून सेव्हनच्या स्पर्धात्मक गाड्यांत असे बदल केले गेलेले आहेत. परंतु आपली गाडी मूळ स्वरूपातली सलून आहे. तिचा खरा अडसर ७ इंची ड्रमचा आकार आणि उष्णता सामावण्याची त्याची ताकद हा आहे, केबल नव्हे. त्याच ड्रमवर हायड्रॉलिक लावल्याने लांब उतारावरचे तापणे कमी होत नाही. उतारावर जो गिअर चढताना लागला असता तोच उतरतानाही ठेवावा आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता मधूनमधून लावावा, हे कोणत्याही ब्रेकबरोबर करावेच लागेल. म्हणून आधी मूळ ब्रेक एकदा नीट जुळवून, एक पावसाळा वापरून पाहा, असे मी सुचवतो.

ड्रम काढल्यावर मला चार गोष्टी कळवा : विश्रांतीच्या स्थितीत प्रत्येक लिव्हरचा कोन, प्रत्येक चाकात आधीपासून पट्ट्या आहेत का आणि किती जाडीच्या, उजव्या बाजूचे लायनिंग कोरडे आहे की तेलकट, आणि ड्रमचा आतील व्यास दोन काटकोनी दिशांनी मोजून किती येतो. तेवढ्यावरून कोणत्या जाडीच्या पट्ट्या मागवायच्या आणि ड्रम घासायचा की बदलायचा, ते नेमके सांगता येईल.